वाळवंटातला एक दिवस : नियोजन किती, मोकळीक किती

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरवर पसरले आहे. लॉस एंजेलिसहून मोटारीने अडीच-तीन तासांत तेथे पोहोचता येत असल्याने पहाटे निघून रात्री घरी परतणारे पर्यटक पुष्कळ. येथे दोन वाळवंटे एकमेकांना भिडतात. पश्चिमेचा उंच पट्टा मोहावी वाळवंटाचा आहे. साधारण ९०० मीटरच्या वरच्या या भागात जोशुआची झाडे आणि ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या गोलसर शिळांचे प्रचंड ढीग आढळतात. पूर्वेचा आणि दक्षिणेचा सखल भाग कोलोराडो वाळवंटात मोडतो. सोनोरन वाळवंटाची ही शाखा अधिक उष्ण असून तिच्यात क्रिओसोटची झुडपे आणि चोया निवडुंग वाढतात. बागांसाठी वाळवंटी झाडे उपटून नेण्याचा धडाका सुरू झाला तेव्हा मिनर्व्हा हॉइट यांनी या प्रदेशाच्या रक्षणासाठी मोहीम चालवली. तिच्यामुळे १९३६ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले.

अशा ठिकाणी एका दिवसाची भटकंती कशी करावी याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार वाळवंटात जाण्यापूर्वी शक्य तेवढे सारे ठरवावे. दुसऱ्या मतानुसार वाळवंटात माणूस मोकळा होण्यासाठी जातो, आणि वेळापत्रक बरोबर नेले की तो मोकळेपणा उरत नाही. पुढील संवादात पहिले मत ‘नियोजक’ मांडतो आणि दुसरे ‘भटक्या’.

हंगाम आणि वेळ

नियोजक : सर्वांत आधी महिना ठरवावा लागतो. वसंतात आणि शरदात दिवसाचे तापमान २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते व रात्री ते १० अंशांपर्यंत उतरते. हिवाळ्यात दिवस १५-१६ अंशांचे असतात, पण रात्री पारा शून्याखाली जातो. उन्हाळ्यात दुपारचे तापमान ३८ अंश ओलांडते. म्हणून पायी फिरण्याचा काळ ऑक्टोबर ते एप्रिल.

भटक्या : हे गणित सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून मार्चच्या शनिवारी सगळेच येतात. वर्षाला तीस लाखांच्या आसपास लोक या उद्यानात येतात. पश्चिम प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग लागते आणि हिडन व्हॅलीचा वाहनतळ सकाळीच भरून जातो. एकांतासाठी निघालेल्याने रांगेत उभे राहायचे, तर नियोजनाने साधले काय?

नियोजक : गर्दी टाळण्यासाठी महिना बदलण्याची गरज नाही, वार आणि तास बदलावा. आठवड्याच्या मधल्या दिवशी उजाडण्यापूर्वी पोहोचणाऱ्याला मार्चमध्येही वाट मोकळी मिळते. दक्षिणेचे कॉटनवुड प्रवेशद्वारही तुलनेने शांत असते. जून-जुलैतली वाट रिकामी दिसते, कारण त्या उन्हात चालण्यासारखे काही उरत नाही. त्या दिवसांत जावेच लागले तर चालणे सकाळी दहाच्या आत आटोपावे.

भटक्या : फुलांचा बहर मात्र कोणाच्या वेळापत्रकात बसत नाही. तो हिवाळ्यातल्या पावसावर अवलंबून असतो. पाऊस झाला तर सखल भाग फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, उंचावरचा त्यानंतर, आणि पाऊस नसेल तर काहीच फुलत नाही. सहा महिने आधी तारीख पक्की करणाऱ्याच्या वाट्याला नुसती कोरडी झुडपे येऊ शकतात.

नियोजक : हा आक्षेप रास्त आहे. हंगाम पक्का करावा, पण शक्य असेल तर तारीख शेवटच्या पंधरवड्यापर्यंत सैल ठेवावी.

पाणी, मीठ आणि ऊन

उद्यानाच्या अंतर्भागात पिण्याचे पाणी, खाद्यपदार्थ किंवा इंधन मिळत नाही. पाण्याचे नळ फक्त कडेच्या काही ठिकाणी आहेत. पश्चिम प्रवेशद्वार, ट्वेंटीनाइन पाम्सकडील ओॲसिस, ब्लॅक रॉक, इंडियन कोव्हचे रेंजर ठाणे आणि कॉटनवुड ही त्यांपैकी प्रमुख. दोन मतांमधला खरा संघर्ष याच मुद्द्यावर होतो.

भटक्या : सह्याद्रीत हिंडलेला माणूस एक बाटली घेऊन निघतो. गडावर टाके असते, पायथ्याच्या गावात चहा मिळतो. एका दिवसासाठी पाण्याचे पिंप नेण्याइतकी धास्ती कशाला?

नियोजक : सह्याद्रीतली तीच सवय येथे घातक ठरते. या वाटांवर टाके नाही आणि गावही नाही. दुसरा फरक हवेचा. सह्याद्रीच्या दमट हवेत शर्ट भिजतो आणि घाम किती गेला ते कळते. मोहावीच्या कोरड्या हवेत घाम निघताक्षणी उडून जातो, त्वचा कोरडीच राहते आणि शरीरातले पाणी घटत असल्याची जाणीव उशिरा होते. कडक उन्हात चढ चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून दिवसाला माणशी किमान चार लिटर पाणी धरावे, आणि बराच वेळ चालायचे असेल तर आठ.

भटक्या : आठ लिटर म्हणजे आठ किलो. एवढे पाठीवर घेतल्यावर डोळे वाटेवरून वर उठणारच नाहीत.

नियोजक : सगळे पाणी पाठीवर घ्यायचे नसते. मोठा साठा गाडीत राहतो, पाठीवर त्या वाटेपुरते आणि थोडे जास्त. थंडीतल्या दोन तासांच्या वाटेला दोन लिटर पुरतात. बरोबरचे निम्मे पाणी संपले की शिखर कितीही जवळ दिसो, मागे फिरायचे, हा नियम पाळला की वाटेत वेगळा हिशेब करावा लागत नाही.

भटक्या : नकाशावर बार्कर धरण आहे, फोर्टीनाइन पाम्स आणि लॉस्ट पाम्स ही ताडांची ओॲसिस आहेत. निसर्गाने ठेवलेले पाणी नाकारायचे का?

नियोजक : बार्कर धरण गुरे पाळणाऱ्यांनी साधारण १९०० च्या सुमारास बांधले. त्यात पावसाचेच पाणी साठते, आणि कोरड्या वर्षी ते पूर्ण आटते. ओॲसिसची गोष्ट निराळी आहे. जमिनीतल्या भेगांमुळे अडलेले भूजल तेथे वर येते, म्हणून पंखाकृती पानांचे ताड जगतात. पण ते थोडेसे पाणी वन्यप्राण्यांच्या वाट्याचे आहे. मोठ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्या, म्हणजे बिगहॉर्न, त्यावर अवलंबून असतात. दुष्काळी उन्हाळ्यात त्यांना निर्धास्तपणे पाणी पिता यावे म्हणून फोर्टीनाइन पाम्सची वाट माणसांसाठी बंदही ठेवली गेली आहे.

भटक्या : तर पाण्याबाबत वाद संपला. पण मग नुसते पाणीच पीत राहायचे का?

नियोजक : नाही. घामाबरोबर मीठही जाते. मीठ न घेता केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते, आणि डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशी लक्षणे दिसतात. पाणी कमी पडल्यावरही जवळपास हीच लक्षणे दिसत असल्याने गोंधळ होतो. म्हणून खारे शेंगदाणे, चिवडा किंवा क्षारयुक्त पेयाची पूड जवळ असावी. अंगभर सुती किंवा हलके कपडे, रुंद काठाची टोपी आणि हिवाळ्यात एक उबदार थर लागतो. बोलण्यात असंबद्धता आली तर तो उष्माघात समजावा. त्या माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि ताबडतोब मदत मागवावी.

वाटेची निवड

नियोजक : वाट निवडताना अंतर, चढ आणि चढाची दिशा ही तिन्ही पाहावीत. रायन माउंटनची वाट जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर असून तीत सुमारे ३२० मीटर चढ आहे. शिखर १,६६४ मीटरवर आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला : पाच किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यानुसार रायन माउंटनला दीड तास लागतो. विश्रांती आणि ऊन धरून अडीच तास राखावेत.

भटक्या : हा ठोकताळा वाळूला आणि कुतूहलाला लागू नाही. कॉटनवुडहून लॉस्ट पाम्स ओॲसिसला जाऊन येणे १२ किलोमीटरचे आहे. नेस्मिथच्या हिशेबाने ते अडीच-तीन तासांत व्हावे, पण पाच-सहा तास लागतात. पाय वाळूत रुततात आणि पाहण्याजोगे काही दिसले की माणूस थांबतो. हे थांबणेच फिरण्याचे सार आहे.

नियोजक : म्हणूनच ते आधी वेळेत धरावे लागते. या वाटेत दुसरीही एक मेख आहे. ओॲसिसकडे जाताना शेवटी उतार आहे आणि परतताना, दुपारच्या उन्हात आणि दमल्या पायांनी, चढ. फोर्टीनाइन पाम्सला मधला कणा दोन्ही वेळा ओलांडावा लागतो. डोंगरावर जाणाऱ्याला थकवा चढतानाच कळतो, पण ओॲसिसकडे उतरणाऱ्याला परत फिरल्यावर. अशा वाटेवर निम्मे पाणी संपेपर्यंत थांबू नये, एक तृतीयांश संपताच परतावे.

भटक्या : आता नियोजकाने आपला दिवस मांडून दाखवावा.

नियोजक : पहाटे रायन माउंटन. नऊ वाजता हिडन व्हॅलीची १.६ किलोमीटरची फेरी. अकराला बार्कर धरण. दुपारी स्कल रॉक. मग कीज व्ह्यूवरून कोचेला खोरे आणि सॅन अँड्रियास भेगेची रेषा. सूर्यास्ताला चोया निवडुंगांची बाग.

भटक्या : यातला निम्मा वेळ गाडीत आणि वाहनतळावर जागा शोधण्यात जाईल. प्रत्येक ठिकाणी छायाचित्र निघेल, पाहणे कोठेच होणार नाही. हिडन व्हॅलीतल्या शिळांचेच उदाहरण घ्यावे. दहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी हा खडक जमिनीखाली वितळलेल्या रसातून थिजला. त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भूजल त्या भेगांतून झिरपत राहिले आणि ठोकळ्यांचे कोपरे कुजवत गेले. पुढे वरची माती वाहून गेली आणि गोलसर ठोकळे एकावर एक उघडे पडले. हे वाचून कळते, पण एकाच शिळेभोवती अर्धा तास फिरून भेग कोठून कोठे गेली ते पाहिल्यावर पटते. तसेच जोशुआच्या झाडाचे. ते वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर वाढते. त्याच्या खोडात वार्षिक वलये नसल्याने वय मोजणे अवघड असते. युका पतंगाची मादी एका फुलातले पराग गोळा करून दुसऱ्या फुलात नेऊन ठेवते आणि तेथेच अंडी घालते. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या बियांतून नवी झाडे येतात. या पतंगाशिवाय झाडाला बी धरत नाही आणि झाडाशिवाय पतंगाचा वंश चालत नाही. सहा ठिकाणांच्या यादीत हे पाहायला वेळ कोठे आहे?

नियोजक : यादी लांबली, हे मान्य. सहाऐवजी एक मोठी वाट, एक छोटी वाट आणि मधली दुपार रिकामी, असा दिवस अधिक योग्य. दहा ते तीनपर्यंत सावलीत बसणे प्रकृतीलाही हिताचे आहे.

भटक्या : म्हणजे उन्हाचा नियम आणि निवांतपणा यांची मागणी एकच निघाली.

वाट सोडावी का?

भटक्या : आखलेल्या वाटेवर सगळे तेच पाहतात. शिळांच्या गर्दीत शिरून आपली वाट आपण काढण्याचा आनंद निराळा आहे.

नियोजक : या मातीत त्याची किंमत मोठी आहे. शेवाळ, बुरशी आणि सूक्ष्मजीव यांनी बांधलेला मातीचा काळसर, खडबडीत थर वाळवंटाची धूप रोखतो. एका पावलाने तो मोडतो आणि पुन्हा जमायला अनेक वर्षे लागतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात सरकारी कामकाज ठप्प झाल्याने पहारा विरळ झाला. तेव्हा गाड्या रस्ता सोडून आत शिरल्या आणि जोशुआची झाडेही तोडली गेली. कासवाचेही असेच होते. वाळवंटी कासव उचलले तर ते घाबरून मूत्राशयात साठवलेले पाणी सोडते, आणि त्या पाण्यावर त्याचा कोरडा हंगाम निभावायचा असतो.

भटक्या : हा युक्तिवाद मातीला लागू पडतो, खडकाला नाही. उघड्या खडकावरून आणि ओढ्यांच्या कोरड्या वाळूतून चालल्याने हा थर मोडत नाही. शिळांवर चढणे हा या उद्यानाचा जुना आणि मान्य आनंद आहे, आणि जगभरचे प्रस्तरारोहक त्यासाठीच येतात.

नियोजक : खडकाबाबत हे बरोबर आहे. मात्र शिळेवर चढणे सोपे आणि उतरणे अवघड असते, म्हणून चढण्यापूर्वी उतरण्याची जागा पाहून ठेवावी. हात न दिसणाऱ्या कपारीत घालू नये, कारण तेथे रॅटलस्नेक असू शकतो. चोया निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने अंगाला चिकटतात. त्यांच्या काट्यांना उलटी दातेरी टोके असल्याने ते बोटांनी ओढू नयेत. कंगव्याने तुकडा उडवावा आणि राहिलेले काटे चिमट्याने काढावेत. म्हणून सामानात कंगवा आणि चिमटा दोन्ही हवेत. जुन्या खाणींत उतरू नये. लॉस्ट हॉर्स खाणीने १८९४ ते १९३१ या काळात तीनशे किलोंहून अधिक सोने दिले. आज तिचा सांगाडा बाहेरूनच पाहावा.

भटक्या : आणि कोरडे ओढे?

नियोजक : ते दोन प्रकारे फसवतात. वाळूचा ओढा पायवाटेसारखा दिसतो आणि माणूस नकळत भलत्याच दिशेला जातो. म्हणून दर थोड्या वेळाने मागे वळून परतीचे दृश्य ध्यानात ठेवावे. दुसरे म्हणजे जुलै ते सप्टेंबरमधल्या वादळी पावसात दूरच्या डोंगरावर पडलेले पाणी निरभ्र आकाशाखालच्या ओढ्यात अचानक लोंढ्याने येते. क्षितिजावर काळे ढग दिसले की ओढा सोडून उंचावर जावे.

संपर्क आणि निरोप

भटक्या : उद्यानाच्या बहुतेक भागात मोबाइल चालत नाही, आणि पुष्कळांना तेच हवे असते. तेथेही संपर्काची सोय शोधत बसायचे का?

नियोजक : शोधू नये, म्हणूनच निरोप आधी ठेवावा. कोणती वाट, किती माणसे, गाडी कोठे लावली आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, एवढे घरी किंवा मित्राला लिहून द्यावे. नकाशा कागदावर असावा किंवा संपर्काशिवाय चालेल असा फोनमध्ये उतरवलेला. इंडियन कोव्हच्या रेंजर ठाण्याजवळ आणि हिडन व्हॅलीजवळच्या इंटरसेक्शन रॉकपाशी आपत्कालीन फोन आहेत, त्यांच्या जागा आधीच पाहून ठेवाव्यात.

भटक्या : निरोप ठेवला की त्याच वाटेला बांधून घेतल्यासारखे होते. एखाद्या खिंडीने मोह घातला तर?

नियोजक : निरोपात एकाऐवजी दोन-तीन वाटा लिहाव्यात. त्यांतली कोणती घ्यायची ते तेथे गेल्यावर ठरवावे. परतीची वेळ मात्र एकच असावी आणि ती मोडू नये. डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो, म्हणून छोट्या वाटेलाही डोक्याला बांधायचा दिवा बरोबर घ्यावा.

भटक्या : एवढी सैल दोरी चालेल.

दोन मतांचा मेळ

दोन्ही मते तपासल्यावर त्यांच्यातली विभागणी एका प्रश्नाने करता येते : ही चूक तेथे गेल्यावर सुधारता येईल का? पाणी कमी नेले, मीठ विसरले, गाडीत इंधन थोडे भरले, निरोप ठेवला नाही, उन्हाचा तास चुकला, यांपैकी काहीही तेथे गेल्यावर दुरुस्त होत नाही. या बाबी घरीच आणि काटेकोरपणे ठराव्यात, आणि तेथे नियोजकाचे ऐकावे. कोणत्या शिळेपाशी थांबायचे, दोनांपैकी कोणती वाट घ्यायची, शिखर गाठायचे की मध्येच बसून राहायचे, यांत निवड चुकली तरी फार तर एखादे दृश्य हुकते. तेथे भटक्याचे ऐकावे. नियोजनाच्या नावाखाली ठिकाणांची यादी लांबवणे आणि मोकळेपणाच्या नावाखाली पाणी कमी नेणे, या दोन्ही चुका विभागणी न कळल्यामुळे होतात.

दिवसाच्या शेवटालाही हीच कसोटी लागते. २०१७ पासून हे उद्यान आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान म्हणून मान्य आहे आणि अमावस्येच्या आसपास आकाशगंगा तेथे डोळ्यांना स्पष्ट दिसते. चालणे संपवून तासभर आकाश पाहायचे असेल तर निरोपातली परतीची वेळ त्याप्रमाणे आधीच उशिराची लिहावी. गाडीत परतीच्या प्रवासाचे पाणी आणि गरम कपडे ठेवावेत. दिवसभर चाललेल्याला अडीच-तीन तास गाडी चालवताना डुलकी येण्याचा धोका असतो, त्यामुळे चालक दोन असावेत किंवा जवळच्या गावात मुक्काम करावा. आणि संपर्क मिळताच ज्याच्याकडे निरोप ठेवला त्याला फोन करून परत आल्याचे कळवावे, म्हणजे विनाकारण शोध सुरू होणार नाही.